गवा दिसला तर

दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा शाळेच्या ग्रुपवर पडल्या की त्याच रात्री घरोघरी खल सुरू होतो. जायचं कुठे? बाबांना समुद्र हवा असतो, आजीला देवदर्शन, आईला कुठेही चालेल पण स्वयंपाक नको असतो, आणि मुलं मान वर न करता विचारतात, 'तिथे वायफाय आहे का?' मग कुणीतरी फोनवर 'पाहायलाच हवीत अशी पंधरा ठिकाणं' उघडतं, ती पंधरा ठिकाणं चार दिवसांत कोंबली जातात आणि सहल ठरते.

पालकहो, आज मी तुमच्याशी बोलतेय ती प्रवासातली जाणकार म्हणून नाही. डोंबिवलीत राहणारी, दोन मुलांची आई, आणि एका सहलीत सणसणीत नापास झालेली बाई म्हणून बोलतेय.

सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही कोल्हापूर ते मालवण असा दौरा काढला. दौराच तो. नवऱ्याने तक्ता केला होता, वेगवेगळ्या रंगांत. पाच दिवस, एकोणीस ठिकाणं. थोरली तेव्हा सात वर्षांची, धाकटा दोनचा. तक्त्यात त्याच्या झोपेला रंग नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी कुणकेश्वर उरकून आम्ही मालवणच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. होडीत बसलो, सिंधुदुर्गात उतरलो. मे महिन्यातलं दीड वाजताचं ऊन, पायाखाली तापलेला दगड, किल्ला अठ्ठेचाळीस एकरांचा. थोरली शंभर पावलं चालली असेल नसेल, आणि खाली बसली. उठेना. आणि मी, चार लोकांत, तिला म्हणाले, "महाराजांनी भर समुद्रात किल्ला बांधला आणि तुला नुसतं चालवत नाही?"

हे वाक्य मला अजून रात्री-अपरात्री आठवतं. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आई, इथे सावली कुठे आहे?"

सावली एका घराच्या पडवीत होती. किल्ल्यात अजूनही काही कुटुंबं राहतात. त्यांच्यापैकीच एक आजी कोकम सरबत विकायला बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ये गो बाय, हंय बस," म्हणून पोरीला आत ओढलं आणि तांब्याभर पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली. तक्त्यातलं पुढचं ठिकाण आम्ही तरीही केलं. त्याचं नाव आज आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.

दोन वर्षांनी, एका पावसाळी संध्याकाळी, भांडी पुसता पुसता थोरली एकदम म्हणाली, "त्या आजींकडचं पाणी खारट का नव्हतं? सगळीकडे तर समुद्र होता."

दुधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी त्या किल्ल्यात आहेत. गाइडने त्या दाखवल्या असणार, मी 'बघ बघ' म्हटलंही असणार. तिला त्या दिसल्या नाहीत. तिला तहान आठवत होती, आणि तहानेपाठोपाठ पाणी. मुलांचे प्रश्न आपल्या वेळापत्रकाने येत नाहीत, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मी तिला सांगितलं, की पावसाचं पाणी बेटाच्या पोटात मुरतं, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वरच्या अंगाला तगून राहतं. उपसा बेताचा असेल तर विहीर गोडी राहते. ती म्हणाली, "मग परत जाऊन बघायला पाहिजे." तो प्रश्न आमच्या दुसऱ्या सहलीचं बी ठरला. ती सहल गेल्या वर्षी झाली, आणि तिच्या आखणीबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

या वेळी तक्ता नव्हता, भिंतीवरचा कागदी नकाशा होता. जेवणाच्या टेबलावर पसरला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, 'तुला काय हवंय? एकच गोष्ट.' सासूबाईंना अंबाबाई आणि जमलं तर नरसोबाची वाडी (हे दोन झाले, पण सासूबाईंना कोण सांगणार). नवऱ्याला ताजे मासे. थोरलीला ती विहीर. सात वर्षांच्या धाकट्याला गवा. मला सकाळी आठपर्यंत झोप. बस्स. हे पाच खांब. बाकीचं सगळं जमलं तर जमलं.

मुलांना विचारायचं म्हणजे खरंच विचारायचं, हे मात्र लक्षात ठेवा. आपण विचारतो आणि मनात आधीच ठरवलेलं असतं. मुलांना ते लगेच कळतं, आणि पुढच्या वेळी ती 'काहीही' म्हणून मोकळी होतात. दिलेली निवड चुकली तर चुकू द्यायची. आमच्याकडे एक चुकली, त्याबद्दल पुढे सांगतेच.

कोल्हापूर-मालवण हाच पट्टा पुन्हा का, असं शेजारणीने विचारलं. उत्तर नकाशातच होतं. एका टोकाला राजधानीचं शहर, दुसऱ्या टोकाला समुद्र, मध्ये ऊस, धरण, जंगल आणि घाट. आणि हे सगळं जेमतेम दीडशे-एकशेसाठ किलोमीटरांत. शिवाय आल्या वाटेने परतावं लागत नाही. मुंबईकडून जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघायचं, सकाळी कोल्हापूर. तिथून घाट उतरून कोकण, आणि परतताना कणकवली किंवा कुडाळहून कोकण रेल्वे. एक गोल पूर्ण होतो आणि 'आता परत तोच रस्ता' हा मुलांचा रडका सूर निघत नाही. फक्त रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. दिवाळीच्या दिवसांत कोकण रेल्वेची तिकिटं बघता बघता संपतात, तेव्हा परतीचं तिकीट आधी आणि हॉटेल नंतर. आम्ही उलटं केलं होतं आणि दोन रात्री जीव टांगणीला लावून घेतला.

मे की दिवाळी? मे महिन्यात कोकणात आंबा असतो, करवंदं, जांभळं, फणस असतात. आजोळचा मे ज्यांनी अनुभवलाय त्यांना मी काय सांगणार. पण आजोळच्या मेमध्ये आपण दुपारी माजघरात लोळत होतो, किल्ले चढत नव्हतो. फिरायचंच असेल तर दिवाळीनंतरचा आठवडा बरा. घाट अजून हिरवे असतात, समुद्र निवळलेला असतो, देशावर गुऱ्हाळं पेटलेली असतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याही बंद ठेवतात, त्यामुळे पावसात जायचं तर समुद्र काठावरूनच बघायचा.

भाऊबीज आटोपून निघालो. कोल्हापुरात दोन रात्री. पहिल्या दिवशी अंबाबाईचं दर्शन पहाटे, मुलांना न उठवता. सासूबाई आणि नवरा गेले, मी झोपले. माझा खांब पहिल्याच दिवशी उभा राहिला. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे हा नियम कुणी केला कोण जाणे. सहलीतली निम्मी भांडणं त्यातूनच होतात. आणि एक कानात सांगते, सहलीतली भांडणं मुळात नवरा-बायकोची असतात, मुलं नुसतं निमित्त.

कोल्हापुरात लोक मुलांना नव्या राजवाड्यात नेतात, न्यावंच. पण टाऊन हॉलमधलं छोटं संग्रहालय चुकवू नका (सोमवार सोडून जा, बहुतेक सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात). तिथे ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेल्या वस्तू आहेत. पंचगंगेच्या काठची ही टेकडी १९४५-४६ मध्ये रीतसर खणली गेली. तिथल्या वस्तूंत एक कांस्यमूर्ती आहे, वीतभरही नसेल. ती आहे पोसायडनची. ग्रीकांचा समुद्रदेव! समुद्रापासून इतक्या आत, घाटाच्या वर, नदीकाठच्या गावात समुद्राचा देव काय करत होता? थोरली त्या काचेला नाक लावून उभी राहिली. पाश्चात्त्यांची जहाजं दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्याला लागत होती, आणि तिथला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येत होता. आपण चार दिवसांनी उतरणार तसेच घाट, फक्त उलट्या दिशेने. शहर आणि समुद्र ही दोन वेगळी ठिकाणं आहेत असं तिला वाटत होतं. ते तिथे पुसलं गेलं, आणि मला तोंडही उघडावं लागलं नाही.

धाकट्याला मूर्तीत काडीचा रस नव्हता. तो खासबागेत रमला. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली हे कुस्तीचं मैदान खुलं झालं. खोलगट वाडग्यासारखं बांधलेलं, म्हणजे शेवटच्या ओळीतल्या माणसालाही आखाडा दिसावा. त्या दिवशी कुस्ती नव्हती. त्याने रिकाम्या पायऱ्यांवरून खाली-वर पळत अर्धा तास काढला. आम्ही बसून शेंगा खाल्ल्या. कुठेही 'बघून घे' म्हटलं नाही. हे जमायला मला पाच वर्षं लागली.

संध्याकाळी पंचगंगेचा घाट. सासूबाईंनी नातवाला पाच नद्या पाठ करून दिल्या: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. तो बोटं मोजून म्हणाला, "ही चीटिंग आहे, नद्या चारच आहेत." आजींनी श्रद्धेचा मुद्दा मांडून पाहिला. तो अपील करत राहिला. शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते त्याला हात उंचावून दाखवलं, आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगितली: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. कोल्हापूरकरांना हे आकडे आपल्या जन्मतारखेसारखे पाठ असतात. त्या क्षणी नदी हे घाटावरचं चित्र राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नरसोबाची वाडी, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. इथे थोरलीने नकाशा काढला आणि बोट पूर्वेकडे सरकवत नेलं, कर्नाटकातून, तेलंगणातून, आंध्रातून, हजारएक किलोमीटर, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. "म्हणजे हे पाणी आपल्या समुद्रात येतच नाही?" नाही येत. आपण मालवणला जाऊन बघणार तो समुद्र वेगळा. मग आपल्या समुद्रात कुठलं पाणी येतं? ते घाटात बघू, म्हटलं. सहलीला एक धागा मिळाला होता आणि तो आम्ही ठरवून आणलेला नव्हता.

पन्हाळा आम्ही केला नाही. हे वाचून काही जण नाराज होतील. कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवर, अंबारखान्यापासून तीन दरवाजापर्यंत बघण्यासारखं बरंच, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांतला एक. पण सिंधुदुर्गही त्या बारांतलाच आहे, आणि आमच्या पाच खांबांत तो होता. एका सहलीत एक किल्ला पुरतो. चौथीतल्या मुलाला सिद्दी जौहरच्या वेढ्याचा धडा असेल तर तुम्ही उलट करा. पन्हाळ्याला पूर्ण दिवस द्या, सिंधुदुर्ग पुढच्या वर्षी.

तिसऱ्या दिवशी राधानगरीची वाट धरली. रस्त्यात गुऱ्हाळ लागलं. गुऱ्हाळ शोधायला पत्ता लागत नाही, वास येतो. चुलवाणात चिपाडं धडधडत होती, काहिलीत रस उकळत होता, वर आलेली मळी गुळव्या झाऱ्याने काढून टाकत होता. रस निवळायला रानभेंडीचं पाणी घालतात, हे मलाही तिथेच कळलं. आमचा बेत वीस मिनिटांचा होता, गेले दोन तास. गुळव्याने धाकट्याला ऊस काकवीत बुडवून दिला आणि त्याला विचारलं, "शिकतोस का आमच्याकडं?" पोरगं गंभीरपणे हो म्हणालं. आता एक सांगते, अशा ठिकाणी परवानगी विचारून आत जावं, काहिलीपासून मुलाला हात धरून लांब ठेवावं, आणि निघताना गूळ विकत घ्यावा. ती माणसं काम करत असतात, आपल्यासाठी खेळ मांडून बसलेली नसतात. मुलं हे आपलं बघूनच शिकतात.

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलं, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात. पैसा आणि काळ दोन्ही आडवे आले आणि ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडलं. तळं काठोकाठ भरलं की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात, कुणी चाक फिरवावं लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होते. धाकट्याने "उघडा की" म्हणून हाक मारून बघितली.

आता ती चूक. दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरली त्यांत राधानगरीचं हे जंगल आहे. घरी बेत करताना मी धाकट्याला म्हटलं होतं, "दाजीपूरला गवा दिसणार." दिसणार! जाहिरातीतली बाई बोलते तशी. महिनाभर तो वहीत गवे काढत होता, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. आम्ही पहाटे कुडकुडत जीपमधून गेलो. शेण दिसलं, चिखलात खुरांचे ठसे दिसले, उंच झाडावर शेकरूचं घरटं दिसलं. वाटाड्याने जीव तोडून सांगितलं, शेकरू म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी आहे बाळा. बाळाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि गवा?" गवा नाही दिसला. तो पूर्ण दिवस रुसून बसला. समजावलं, चॉकलेट दिलं, काही उपयोग झाला नाही. मग मी थांबले. कारण रुसण्यात त्याची काही चूक नव्हती. खोटं मी बोलले होते. जंगलाच्या वतीने, समुद्राच्या वतीने, पावसाच्या वतीने आपण मुलांना वचनं देतो. त्या रात्री मी त्याला म्हटलं, "दिसणार असं मी म्हणायला नको होतं. दिसला तर, असं म्हणायला हवं होतं." तो पाठ करून झोपला.

फोंडा घाट उतरताना थोरलीला तिचं उत्तर मिळालं. घाटमाथ्यावर गाडी थांबवली. इकडच्या अंगाला पडलेला थेंब भोगावतीत, पंचगंगेत, कृष्णेत, आणि मग पार तिकडच्या समुद्रात. तिकडच्या अंगाला, दहा पावलांवर पडलेला थेंब शंभर किलोमीटरांच्या आत अरबी समुद्रात. तिने रस्त्याच्या मधोमध उभं राहून बाटलीतलं पाणी दोन्हीकडे ओतायचं ठरवलं होतं. रस्त्याच्या मधोमध नको, कडेला उभं राहून ओत, एवढाच मी बदल सुचवला. (घाटात पोरांना मळमळतं. फोन खाली ठेवायला लावा, लांब बघायला सांगा, पोट फार भरलेलं नको आणि अगदी रिकामंही नको. आमच्याकडे आलेपाक चालतो.)

मालवणात तीन रात्री, गाडी हलवायची नाही. कोकणात लोक रोज मुक्काम बदलतात आणि मग 'दमलो बुवा' म्हणत परत येतात. आम्ही एका घरगुती निवासात उतरलो. खोली 'समुद्र दिसणारी' म्हणून ठरवली होती; समुद्र दिसत होता, न्हाणीघराच्या खिडकीतून, बादलीवर उभं राहिलं की. मुलांना ते फार आवडलं. सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं, सोलकढी, आणि नवऱ्याचा चेहरा असा की लग्नातही मी पाहिला नव्हता.

एका संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोलात टाकलेलं, दोन्ही दोरांना माणसं लागलेली, म्हातारी, तरणी, मिशीवाली, बिनमिशीची. आम्ही लांबून फोटो काढत होतो. एका आजोबांनी थोरलीला हाक मारली, "गो चेडवा, फोटो कित्याक काढतंस, दोर धर!" तिने धरला. वाळूत टाचा रोवून तासभर ओढत राहिली. जाळ्यात फार काही लागलं नाही, तारली, पेडवे, थोडे बांगडे. वाटे घातले तेव्हा आजोबांनी तिच्या हातावर दोन बांगडे ठेवले. वाटा म्हणून. तो तिने आयुष्यातला पहिला पगार असल्यासारखा घरी नेला.

भरती-ओहोटीचं गणितही तिथल्याच होडीवाल्याने मुलांना शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या सुमाराला भरती. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. रोज सुमारे पाऊण तास पुढे. ढोबळ हिशोब आहे, थोडं मागेपुढे होतं, पण पंचांग आणि पाढा यांचा एवढा उपयोग होतो हे पाहून धाकटा चकित झाला आणि गवा क्षणभर विसरला. हा हिशोब आईबापांनीही शिकावा. ओहोटी लागली असताना, आणि खाडीच्या किंवा नदीच्या मुखाशी तर कधीच, मुलांना पाण्यात सोडू नका. नदी आणि ओहोटी दोघीही एकाच बाजूला ओढतात, समुद्राकडे. देवबागचा संगम डोळ्यांना फार सुंदर दिसतो, पण तो पोहायचा नाही. कुठे उतरायचं ते गावातल्या माणसाला विचारा आणि तो नाही म्हणाला तर वाद घालू नका. पोहता येणाऱ्या मुलालाही हाताच्या अंतरावर ठेवा. होडीत लाइफ जॅकेट मुलांना घालायला लावायचं तर आधी आपण घालायचं. 'मला काय होतंय' म्हणणारे बाबा मी फार पाहिलेत, त्यांतला एक माझ्या घरी आहे.

वरखर्चाचं पाकीट थोरलीकडे होतं. रोजची रक्कम ठरलेली, उरली तर शेवटच्या दिवशी हवी ती चैन. तिने पॅरासेलिंगचा भाव ऐकला, धाकट्याकडे पाहिलं आणि "खटखटे लाडू घेऊ," असा निर्णय दिला. घरात पैशांचं बोलणं मुलांपासून लपवायचं आणि मग ती हट्टी आहेत म्हणायचं, याला काही अर्थ नाही.

तळाशिलला एक दुपार गेलो. एका बाजूला गड नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि माड. कणकवलीजवळ पुलावरून ओलांडली होती तीच ही गड. थोरलीने दोन्हीकडचं पाणी चाखून बघितलं. खाडीचं कमी खारट लागलं म्हणाली. मग बराच वेळ ती त्या पट्टीवर नुसती बसून राहिली आणि आम्ही तिला काही विचारलं नाही.

आणि सिंधुदुर्ग. सकाळची पहिलीच होडी धरली. दगड गार होते. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर पायाभरणी झाली आणि तीन वर्षांत हे उभं राहिलं. पायात शिसं ओतलं, दरवाजा असा लपवला की अगदी जवळ येईपर्यंत दिसू नये. या वेळी हे मी सांगितलं नाही. थोरलीने वाचून ठेवलं होतं आणि तिने आजीला सांगितलं. महाराजांच्या हातापायांचे ठसे सासूबाईंनी डोळे भरून पाहिले. मग आम्ही विहिरीकडे गेलो. थोरलीने पाणी चाखलं. गोडंच होतं. तिने ती पडवी शोधली. घर बंद होतं. शेजारी विचारलं तर त्या आजी लेकीकडे गेल्या होत्या, कणकवलीला. ती थोडी हिरमुसली, मग पडवीच्या सावलीत बसून पाणी प्यायली. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "त्या दिवशी मी तुला फार वाईट बोलले." ती म्हणाली, "कधी?" तिला खरंच आठवत नव्हतं, की माझ्यासाठी विसरल्याचं दाखवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

या वर्षी बेत करायची पाळी धाकट्याची आहे. परवा नकाशा पसरला. सासूबाईंना गाणगापूर, नवऱ्याला अर्थातच मासे, थोरलीला 'कुठेही, पण एक दिवस मैत्रिणीला न्यायचं'. धाकट्याने बोट ठेवलं ते दाजीपूरवर. पुन्हा. म्हटलं, "अरे, तिथे गवा दिसेलच असं नाही."

"माहितीय," तो म्हणाला. "दिसला तर."